थायरॉईडच्या ऑपरेशननंतरची नळी : डबी कशी सांभाळायची आणि मानेकडे का बघायचं

थायरॉईडचं ऑपरेशन होऊन पेशंट वॉर्डात आला की घरचे आधी तोंडाकडे बघतात, मग मानेवरच्या पट्टीकडे, आणि मग नजर घसरत घसरत नळीच्या टोकाला असलेल्या डबीवर जाते ती तिथेच अडकते. लाल पाणी दिसलं की पोटात गोळा. मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे, बारा वर्षं झाली, आणि या डबीवरून मला जेवढे प्रश्न आलेत तेवढे खुद्द ऑपरेशनवरून आले नसतील. "सिस्टर, अजून किती रक्त जाणार हो?" "सिस्टर, डबी रिकामीच आहे, म्हणजे बंद पडली का?" "शेजारच्या काकूंना नळी नाही आणि आमच्याच आईला का, काही बिघडलंय का?" ड्युटीवर प्रत्येकाला बसवून सांगायला वेळ नसतो, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून काढते.

थायरॉईड म्हणजे मानेच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या खाली श्वासनळीला चिकटून बसलेली ग्रंथी, नॉर्मल असेल तर वजन वीसएक ग्रॅम, पण एवढ्याशा जिवाला रक्तपुरवठा मात्र भरपूर. त्यातली अर्धी काढली की आम्ही हेमी म्हणतो, सगळी काढली की टोटल. काढल्यावर तिथे पोकळी राहते आणि आतून थोडं रक्त, थोडा पाझर सुटतच राहतो, जसं गुडघा खरचटल्यावर पाणी सुटतं तसंच. तो पाझर आत साठू नये आणि बाहेर किती येतोय ते दिसावं म्हणून सर्जन जखमेत एक बारीक नळी ठेवून तिचं दुसरं टोक बाहेर काढतात. तिला म्हणायचं ड्रेन.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दिसतो तो रोमोव्हॅक, म्हणजे हार्मोनियमच्या भात्यासारखी चुण्याचुण्यांची प्लास्टिकची डबी. दाबून हवा काढली आणि बूच लावलं की ती परत फुगायला बघते आणि त्या ओढीने आतलं पाणी खेचून घेते. वीज नाही, मशीन नाही, नुसता भाता. काही ठिकाणी त्याऐवजी डाळिंबाएवढा रबरी फुगा असतो, त्याला जेपी ड्रेन म्हणतात, काम तेच. पूर्वी नुसती नालीदार रबराची पट्टी जखमेत सोडून वर गॉज बांधायचे, त्यात किती आलं ते कळायचं नाही आणि जखम उघडी राहायची, मानेसाठी आता ती क्वचितच दिसते.

आता शेजारच्या काकूंना नाही आणि आपल्यालाच का, हे बघू. एके काळी या ऑपरेशनची सर्जन लोकांना धास्ती असायची ती रक्तस्रावापायी. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या थिओडोर कोखर यांनी रक्तवाहिन्या एकेक करून बांधत शांतपणे ऑपरेशन करायची पद्धत बसवली, १९०९ साली त्यांना थायरॉईडवरच्या कामासाठी नोबेल मिळालं, आणि मानेवर जो गळ्यातल्या हारासारखा आडवा छेद घेतात त्याला अजून त्यांचंच नाव आहे. पण धास्ती गेली तरी नळी ठेवायची सवय राहिली, राहू दे बापडी, असली तर बरी अशी. मग लोकांनी तपासून बघितलं. २००७ साली कोक्रेनच्या, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या, आढाव्यात १३ चाचण्या, मिळून १६४६ पेशंट, असा हिशोब मांडला गेला, त्यात नळी ठेवलेले आणि न ठेवलेले यांच्यात परत ऑपरेशनला न्यायची वेळ येण्यात किंवा श्वासाचा त्रास होण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही, उलट नळीवाल्यांचा दवाखान्यातला मुक्काम सरासरी एक दिवसापेक्षा जास्त लांबला. त्यामुळे आता साध्या छोट्या गाठीला बरेच सर्जन नळी ठेवतच नाहीत. गाठ फार मोठी असेल, छातीच्या हाडामागे उतरलेली असेल, कॅन्सरसाठी मानेतल्या गाठीही (लिम्फ नोड) काढल्या असतील, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशनमध्येच जास्त झिरपतंय असं वाटलं तर ठेवतात. काही सर्जन सगळ्यांनाच ठेवतात, त्यांची ती पद्धत. तेव्हा नळी आहे म्हणजे काहीतरी बिघडलं असं नाही, आणि नळी नाही म्हणजे विसरले असंही नाही.

पण त्या आढाव्यातली गोष्ट मला कागदावरून नाही, एका रात्रीतून कळली होती. नोकरीचं तिसरं वर्ष, नाईट ड्युटी, साडेआठला आधीच्या शिफ्टकडून ओव्हर घेतली. सात नंबरच्या बेडला पन्नाशीच्या बाई, गलगंड एवढा मोठा की पदराने झाकून झाकून वीस वर्षं काढलेली, दुपारी टोटल झालेली. चार्टवर संध्याकाळी सहाला १५ मिली, त्यानंतर काहीच नाही, डबी छान दाबलेली, पट्टी कोरडी ठणठणीत. मी मनात म्हटलं चला, सात नंबर आज झोपू देणार. दहाच्या सुमाराला बघते तर बाई उठून बसलेल्या. मी डबी बघितली, शून्य, बरंय म्हणून पुढे गेले. परत आले तर परत बसलेल्या, आणि सून म्हणतेय, "आत्या, पडा की जरा, दुपारपास्नं झोप नाही." तर त्या म्हणाल्या, "पडलं की कुणीतरी गळ्याला उपरणं आवळल्यागत हुतंय." आवाज दुपारपेक्षा घोगरा. बोटाला लावलेलं मशीन मात्र ऑक्सिजन ९७ दाखवतंय. टॉर्च मारला तर पट्टीच्या वरच्या बाजूला मान तट्ट, दोन्हीकडून फुगलेली, बोटाने दाबली तर दबेना, आणि नळीत कातडीपासून चार बोटांवर काळपट दोरीसारखी गुठळी अडकून बसलेली. रेसिडेंट डॉक्टर धावत आला, टाके बेडवरच उघडले, वाटीभर गुठळ्या निघाल्या, आणि तसंच ट्रॉलीवर घालून ऑपरेशन थिएटरात. एक बारीक रक्तवाहिनी सुटली होती. तिसऱ्या दिवशी बाई पेज पीत होत्या आणि सुनेला मीठ कमी पडलं म्हणून बोलत होत्या, म्हणजे सगळं ठीक. पण पहिल्यांदा उठून बसल्या तेव्हाच मी मानेला हात लावायला हवा होता, मी डबीला लावला.

झालं काय होतं, तर वाहतं रक्त नळीतून येतं, गोठलेलं येत नाही. जोरात रक्त सुटलं की ते आत गोठतं, नळी बुजते आणि डबी शून्य दाखवत बसते. पोटात जागा तरी असते, मानेत ती नसते, थोडंसं रक्त साठलं तरी आतल्या शिरा दाबल्या जातात, स्वरयंत्राला आतून सूज यायला लागते आणि श्वासाची वाट बारीक होत जाते. नळी हे काही होऊ देत नाही असं नाही, ती फक्त काय येतंय ते दाखवते, आणि तेही ती मोकळी असेल तर. असं रक्त साठणं शंभरात एखाद्या-दुसऱ्यालाच होतं, घाबरून रात्रभर जागायची गरज नाही, पण होतं ते बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत आणि त्यातही पहिल्या सहा तासांत जास्त. म्हणून पहिली रात्र पेशंटजवळ असं माणूस ठेवा की ज्याला त्या माणसाचा नेहमीचा आवाज, नेहमीचा चेहरा माहीत आहे. भाच्याच्या मित्राला बसवू नका.

त्याने बघायचं काय, तर मान मघापेक्षा फुगलीय का, कातडी ताणून चकाकतेय का, पेशंट सारखा उठून बसतोय का, गळा आवळल्यासारखं म्हणतोय का, थुंकी गिळायला त्रास, आवाज बदलला, श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घर्र असा आवाज, उगाच अस्वस्थपणा, गाऊनची कॉलर ओढणं. यातलं एक जरी दिसलं तर लगेच हाक मारा, फोन नाही, व्हॉट्सॲपवर फोटो नाही, उठून नर्सिंग स्टेशनला या आणि "मान सुजलीय" एवढे दोनच शब्द बोला. ऑक्सिजनचा आकडा चांगला आहे म्हणून थांबू नका, तो आकडा पडतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. पहिल्या संध्याकाळी मी एक करते, पट्टीच्या वरची मान नातेवाइकांना एकदा हाताने चाचपून दाखवते, आत्ता किती मऊ आहे ते. मग नंतर फरक कळतो. तुम्हाला कुणी दाखवली नाही तर स्वतः विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि बेडजवळ ट्रेमध्ये टाके कापायची कात्री, चिमटा ठेवलेला दिसला तर दचकू नका, थायरॉईडच्या प्रत्येक पेशंटजवळ तो असावाच, वापरायची वेळ बहुतेकांवर येत नाही.

आता डबीकडे वळू. पहिली गोष्ट जागा. डबी कायम मानेच्या खाली, छातीच्या किंवा पोटाच्या लेव्हलला. मी ती लॉकरवर ठेवलेली बघितलीय, सलाईनच्या स्टँडला वर लटकवलेली बघितलीय, एक आजोबा तर उशीखाली घेऊन झोपले होते आणि सकाळी मलाच विचारतात की रात्री पाणी कमी का आलं. सेफ्टी पिनने गाऊनला अडकवायची तर पिन डबीच्या पट्टीत किंवा कडीत घाला, नळीला टोचू नका, भोक पडलं की हवा आत आणि भाता मेला. नळीला थोडी ढील ठेवा, मान वळवली की ताण यायला नको, पण एवढीही नको की बाथरूमच्या कडीत अडकेल. कपडे पुढून बटणाचे, गाऊन किंवा शर्ट, डोक्यातून घालायचं काहीही काही दिवस बंद. माझ्या एका पेशंटच्या मुलीने जुन्या ब्लाऊजपीसची छोटी बटव्यासारखी पिशवी शिवून आणली होती, नाडीने कमरेला बांधायची आणि डबी त्यात, फारच सोयीची, आता मी सगळ्यांना तेच सांगते. फक्त ती पिशवी गळ्यात अडकवू नका. हे सांगावं लागतं, कारण लोक अडकवतात.

वॉर्डात असेपर्यंत डबी रिकामी करणं आमचं काम, तुम्ही हात लावू नका. साधं थायरॉईड असेल तर नळी काढूनच घरी सोडतात, पण मानेतल्या गाठीही काढलेल्या असतील तर कधीकधी डबीसकट घरी पाठवतात, तेव्हा हे यायला पाहिजे. डिस्चार्जच्या आधी सिस्टरसमोर एकदा स्वतः करून दाखवा, नुसतं "हो हो कळलं" म्हणू नका.

हात साबणाने नीट धुवा, नखं कापलेली पाहिजेत. मोजायचं भांडं आधी शेजारी घेऊन बसा, डबीवरच्या रेघांवर फार विसंबू नका, पाणी थोडं असलं की त्या रेघा अंदाजेच असतात, औषधाच्या दुकानात वीस मिलीची सिरिंज मिळते, तिने मोजलं की चोख कळतं. आधी नळीवरचा क्लॅम्प, घरी लोक त्याला खटका म्हणतात, तो बंद करायचा, म्हणजे डबीतलं उलटं मानेकडे जाणार नाही. मग बूच उघडायचं, बुचाच्या आतल्या बाजूला आणि तोंडाला बोट लागू द्यायचं नाही, डबी उलटी करून सगळं भांड्यात काढायचं. रिकामी झाली की भाता पूर्ण दाबायचा, अगदी चपटा, आणि दाबलेला असतानाच बूच घट्ट लावायचं. सोडून मग बूच लावलं तर आत हवा भरलेली राहते आणि ओढ शून्य. जेपीचा फुगा असेल तर मुठीत चेपून तसंच. शेवटी क्लॅम्प उघडायचा.

हा शेवटचा क्लॅम्प. हजारदा सांगूनही राहतो तो हाच. एक मुलगा सकाळी माझ्याकडे अगदी खुशीत चार्ट घेऊन आला, रात्रीपासून फक्त २ मिली, आता नळी काढा म्हणाला, इंजिनियर होता, तक्ता तर असा आखलेला की आमच्या इन्चार्ज सिस्टरनी लावून घेतला असता. बघते तर क्लॅम्प बंद. उघडला आणि आमच्या डोळ्यांदेखत पाणी सुर्रकन खाली आलं, थोडं-थोडकं नाही, तीसेक मिली. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. तेव्हापासून मी सांगते की बूच लावलं की बोटाने नळीवरून वरपर्यंत एकदा फिरून या, क्लॅम्प उघडा, नळी कुठे मुडपली नाही, जोड ढिला नाही, आणि मगच हात धुवायला उठा.

लिहून ठेवायचं ते तारीख, वेळ, किती मिली, रंग. दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ एकाच वेळेला. किंवा तुम्हाला सांगितलं असेल तसं. कारण डॉक्टर २४ तासांचा आकडा विचारतात, आणि "तसं कमीच आहे" हा आकडा नव्हे. मोजून झालेलं पाणी संडासात ओता, भरपूर पाणी सोडा, सिंकमध्ये नको, सिंकमध्ये आपण भांडी घासतो.

रंगाचं मी कोकमाच्या भाषेत सांगते, लोकांना पटकन कळतं. पहिल्या दिवशी आगळासारखं गडद लाल, दुसऱ्या दिवशी कोकम सरबतासारखं, मग पातळ होत होत गवतासारखं पिवळसर. (माझं स्वतःचं कोकम सरबत यामुळे सुटलेलं नाही, कुणी विचारायच्या आत सांगते.) हा क्रम असा उतरता असला की झालं. उलटा फिरला, म्हणजे पिवळसर यायला लागलेलं पुन्हा ताजं लालभडक आणि गरम-गरम यायला लागलं, किंवा तास-दोन तासांत डबी भरायला लागली, तर ताबडतोब दवाखान्यात. ताकासारखं पांढुरकं आलं, विशेषतः दूध-तूप खाल्ल्यावर, आणि ते मानेच्या डाव्या बाजूच्या गाठी काढलेल्या पेशंटला, तर शरीरातली चरबीयुक्त रस वाहून नेणारी वाहिनी दुखावलेली असू शकते, यात जीव घाबरायचं कारण नाही पण त्याच दिवशी कळवायचं, बऱ्याचदा आधी खाण्यातलं तेल-तूप बंद करून बघतात. गढूळ, पिवळट-हिरवट, वास येणारं, सोबत ताप, नळीच्या भोवती लाल आणि गरम, हे इन्फेक्शन.

किती आलं तर नॉर्मल, याला एक आकडा सांगता येत नाही, टोटल आहे की अर्धी, गाठ किती मोठी होती त्यावर आहे. पहिल्या २४ तासांत पन्नास मिलीच्या आसपास आलेलं मी नेहमी बघते, कधी त्याहून कमी, कधी जास्त. आमच्याकडे २४ तासांत वीस-तीस मिलीच्या खाली आलं की काढतात, बहुतेकांची दुसऱ्या दिवशी नाहीतर तिसऱ्या दिवशी निघते. गाठी काढल्या असतील तर आठवडाभरही राहते. तुमच्या सर्जनचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा.

भाता दाबून ठेवला तरी दहा मिनिटांत आपोआप फुगला आणि आत पाणी नाही नुसती हवा, याचा अर्थ कुठूनतरी हवा शिरतेय. बूच, जोड आणि नळी कातडीत शिरते ती जागा बघा. नळीच्या आतल्या टोकाला बाजूने छोटी छोटी भोकं असतात, नळी थोडी बाहेर सरकली की त्यातलं एखादं भोक बाहेर डोकावतं आणि सगळी ओढ तिथून जाते. आत ढकलायची नाही. कधीच नाही, बाहेर आलेली नळी आत ढकलणं म्हणजे जंतूंना हात धरून आत नेणं. वर स्वच्छ गॉज ठेवा आणि दवाखान्यात या. आख्खी नळीच निघून आली, झोपेत ओढली गेली वगैरे, तर स्वच्छ गॉजने जागा हलक्या हाताने दाबून धरा, निघालेली नळी पिशवीत घालून सोबत आणा, टोक तुटून आत राहिलं नाही ना ते डॉक्टरांना बघायचं असतं. नळीत गुठळी दिसली तर एका हाताने कातडीजवळ नळी घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी खाली डबीच्या दिशेने सुतायचं, गाईचं दूध काढतात तसं, आणि आम्ही त्याला मिल्किंगच म्हणतो. पण हे तुम्हाला कुणी शिकवलं असेल आणि करा म्हटलं असेल तरच, नाहीतर नळीच ओढून काढाल.

झोपताना दोन उशा, डोक्याकडची बाजू वर, अगदी सपाट नको, सूज कमी राहते. उठताना मान तशीच हवेत उचलू नका, एक हात डोक्यामागे घेऊन डोकं धरून कुशीवर वळा आणि मग उठा, टाक्यांवर ताण येत नाही. खोकला दाबून ठेवायचा नाही पण जोरजोरात खाकरायचंही नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर काढला की मानेतला दाब वाढतो. जेवण दोन दिवस मऊ, वरण-भात, पेज, लापशी, कोमट पाणी, घसा दुखतो तो ऑपरेशनपेक्षा भूल देताना घातलेल्या नळीमुळे जास्त. आंघोळ गळ्याखालून, पट्टी आणि नळीची जागा कोरडी. हळद लावू नका, भस्म लावू नका, नारळाचं तेल तर टाके असेपर्यंत अजिबात नको, माझ्या आजीने सांगितलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं. मंगळसूत्र ऑपरेशनला जाताना काढलेलं असतं, ते परत घालायची घाई बऱ्याच जणींना असते, सासूबाईंना त्याहून जास्त. जखम भरेपर्यंत मनगटाला बांधा, आमच्या वॉर्डात सगळ्या तेच करतात. रक्त पातळ करायची गोळी ऑपरेशनआधी बंद केली असेल तर ती कधी परत सुरू करायची हे स्वतः ठरवू नका, कागदावर लिहून घ्या.

नळी काढायची वेळ आली की बायका रात्रभर झोपत नाहीत, भूल देणार का विचारतात. भूल लागत नाही. आधी डबीचं बूच उघडून ओढ सोडतो, ओढ चालू असताना खेचलं तर आतलं मांस भोकात ओढलं जातं आणि कळ येते, म्हणून सिस्टर आधी बूच उघडतेय का बघा, नसेल तर गोड आवाजात आठवण करा. मग नळी धरून ठेवणारा काळा टाका कापतो, म्हणतो की ताई मोठा श्वास घ्या आणि हळू सोडा, आणि सोडता सोडता नळी बाहेर. चार-पाच सेकंद. आतून गांडूळ सरकल्यासारखं वाटतं म्हणाली होती एकजण, मला यापेक्षा चांगलं वर्णन सापडलेलं नाही. थोडी आग होते आणि मग मान मोकळी. भोकाला टाका घालत नाहीत, वर गॉज लावतो, एक-दोन दिवस गुलाबी पाणी पाझरतं, गॉज भिजला की बदला, तेवढ्यात ते मिटतं.

नळी निघाल्यावर आठवड्याभरात टाक्याखाली मऊ, लिबलिबीत फुगवटा येऊ शकतो, हनुवटी वर केली की जास्त दिसतो. त्याला सेरोमा म्हणतात, नुसतं पाणी साठलेलं असतं. छोटा असेल तर आपोआप जिरतो, मोठा असेल तर सर्जन सुईने ओढून घेतात, दुखत नाही म्हणजे फारसं नाही. घरी दाबून काढायचा नाही, गरम शेक द्यायचा नाही. पण फुगवटा कडक आहे, झपाट्याने वाढतोय, श्वासाला त्रास होतोय, तर तो सेरोमा समजून घरी बसायचं नाही, १०८ लावायचा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं.

आणि टोटल झालेली असेल तर डबीच्या नादात एक गोष्ट हमखास सुटते ती कॅल्शियम. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या अशा सहसा चार ग्रंथी असतात, शरीरातलं कॅल्शियम त्या सांभाळतात, ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या, बोटांच्या टोकांना झिणझिण्या, मग हाताला पेटके. नेमकी नळी निघून पेशंट घरी गेलेला असतो तेव्हाच. लोक म्हणतात अशक्तपणा आहे, नारळपाणी पाजतात. अशक्तपणा नाही तो, लगेच फोन करा, आणि कॅल्शियमच्या गोळ्या जशा लिहून दिल्यात तशा चुकवू नका. थायरॉईडची सकाळची गोळी सुरू केली असेल तर ती उपाशीपोटी आणि कॅल्शियमची तिच्यानंतर चार तासांनी, दोन्ही एकत्र घेतल्या की थायरॉईडची गोळी अंगाला लागत नाही. डिस्चार्ज कार्ड घेताना तीन गोष्टी त्यावर पेनने लिहून घ्या : टाके कधी काढायचे, गाठीचा रिपोर्ट कधी आणि कुठून घ्यायचा, आणि रात्री दोन वाजता मान सुजली तर फोन कोणत्या नंबरवर करायचा. ओपीडीचा नंबर रात्री कुणी उचलत नाही, वॉर्डाचा घ्या.